सरकत्या दाराची बखर

मराठीत ज्या वस्तूला आपण कपाट म्हणतो, तिचे ते नाव मुळात तिचे नव्हेच. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. बदरीनारायणाची यात्रा करून आलेली मंडळी 'कपाट उघडले', 'कपाट बंद झाले' असे सांगतात, तेव्हा देवाची वस्त्रे ठेवण्याचे लाकडी खोके त्यांच्या मनात नसते. देवळाचा दरवाजा असतो. याच शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे 'कवाड' आले आणि ते इमानाने दारच राहिले. मूळ शब्दाने मात्र मराठीत आल्यावर मुक्काम बदलला. दाराचे नाव दारामागच्या खोक्याला मिळाले. जसे एखाद्या घरी जावयाच्या नावाने सासऱ्याला लोक ओळखू लागावेत!

इतर भाषांत असे झालेले दिसत नाही. इंग्रजांचे 'कबर्ड' म्हणजे पेले मांडून ठेवण्याची फळी. आरंभी तिला दारेच नव्हती. हिंदी-उर्दूतली, आणि आपल्या विदर्भातलीही, 'अलमारी' पोर्तुगीजांच्या 'आर्मारियु'वरून आली. त्या शब्दाचे लॅटिन मूळ हत्यारे-अवजारे ठेवण्याच्या जागेशी जाऊन पोहोचते. जपानी माणूस भिंतीतल्या कपाटाला 'ओशिइरे' म्हणतो. ढकलून आत ठेवावयाचे ते, असा त्याचा सरळ अर्थ. (पाहुणे जिना चढत असताना घरातल्या पसाऱ्याचे आपण जे करतो, त्याला याहून नेमका शब्द माझ्या तरी पाहण्यात नाही.) कोणी फळीवरून नाव ठेवले, कोणी हत्यारावरून, कोणी ढकलण्यावरून, आपण ठेवले दारावरून. आणि मला वाटते, आपल्या पूर्वजांचे बरोबर होते. चार फळ्या व एक पाठ यांचे खोके कोणीही उभे करील. ते सरळ उभे आहे की तिरके, मनापासून केले आहे की उरकले आहे, हे कळते ते दार लावण्याच्या वेळी.

आज मला ज्या दाराची हकीकत सांगावयाची आहे, ते तर सर्वांत कठोर परीक्षा घेणारे दार. कारखान्यातून सुट्या फळ्यांच्या रूपाने आलेली दोन कपाटे घरात शेजारी शेजारी उभी करून एकमेकांस जोडावयाची आणि त्या दोघांवर मिळून सरकती दारे बसवावयाची, हा प्रकार हल्ली शहरांतल्या घरोघरी दिसू लागला आहे. वस्तू दिसावयास कालची आहे. पण तिच्या पोटात निरनिराळ्या देशांतल्या बऱ्याच जुन्या हकीकती येऊन बसल्या आहेत. त्या एकेक काढून पाहू.

माझ्या आजोळी, वाईच्या बाजूला, माजघराच्या भिंतीत एक फडताळ होते. भिंत चांगली दीड हात जाड. ती बांधतानाच तेवढी जागा पोकळ सोडलेली, तिला सागवानी चौकट आणि दोन झडपा. लोखंडी बिजागरी नव्हती. झडपेच्या कडेला वर आणि खाली लाकडाचेच खुंट ठेवलेले असत आणि ते चौकटीतल्या खळग्यांत फिरत. फडताळ उघडताना असे काही कण्हे, की आत ठेवलेल्या बेसनलाडवांना राखणदार ठेवण्याची आजीला गरजच पडत नसे. त्या फडताळाची डावी झडप उजवीपेक्षा बोटभर रुंद होती, आणि वरच्या बाजूला ती किंचित निमुळती होत गेलेली होती. भिंत मातीची, ओळंब्यात नव्हती. सुताराने भिंतीकडे पाहिले आणि भिंत जितकी झुकलेली, तितकेच दार झुकते केले. घर वाकडे असेल तर दाराने त्याच्या कलाने घ्यावे, हा त्या विद्येतला पहिला धडा. त्यामुळे ती झडप साऱ्या पृथ्वीवर त्या एकाच भगदाडाला बसत होती. तो बोटभर फरक मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

सुतार हा शब्द 'सूत्रधार' या शब्दापासून आला. हाती सूत असलेला तो सूत्रधार; नाटकातला सूत्रधार त्याचा नावबंधू. सुताने रेघ मारावयाची, सुताने माप घ्यावयाचे आणि सुतानेच चौकटीचे कर्ण ताडून पाहावयाचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असलेल्या चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले, तर तिचे चारही कोपरे काटकोनात आहेत असे निर्धास्त समजावे. यज्ञवेदी आखण्याचे नियम ज्यांत सांगितले आहेत त्या शुल्बसूत्रांत कर्णाचा सिद्धान्त आहे, आणि 'शुल्ब' म्हणजे तरी काय, दोरीच. रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या ही हत्यारे जिथे पोहोचत नाहीत तिथे हा दोरा पोहोचतो.

आता सरकत्या दाराकडे वळू. मुंबईकर रोज अशा दारातून आत-बाहेर करीत असतो, पण लोकलचे दार सरकलेले त्याने क्वचितच पाहिले असेल. गर्दीने ते कायमचे उघडे ठेवले. आपोआप बंद होणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल मुंबईत धावू लागली ती २५ डिसेंबर २०१७ रोजी. घरात मात्र आपला सरकत्या दाराशी परिचय जुना आहे. मांडणीपुढे तारेवर ओवलेला पडदा हे गरिबाचे सरकते दारच. त्यानंतर आली बैठकीच्या खोलीतली शोकेस. तिच्यात चिनी मातीचा कुत्रा, आग्र्याचा ताजमहाल आणि कोणीतरी शाळेत मिळविलेला पेला. आणि पुढे दोन काचा, खाचेतून इकडे-तिकडे सरकणाऱ्या. या काचा पुसण्यासाठी बाहेर कशा काढावयाच्या, हे प्रत्येक घरातल्या एका तरी माणसास ठाऊक असे. काच आधी वर उचलावयाची, म्हणजे तिची खालची कड खाचेतून सुटते, आणि मग आपल्याकडे ओढून घ्यावयाची. हे साधते, कारण वरची खाच खोल असते आणि खालची उथळ.

हीच युक्ती जपानी घराच्या मुळाशी आहे. तिथे खोल्यांमधल्या भिंती म्हणजे बव्हंशी सरकती दारेच. कागद चिकटवलेल्या अपारदर्शक दाराला 'फुसुमा' म्हणतात, उजेड आत घेणाऱ्या पातळ कागदाच्या दाराला 'शोजी'. खालच्या उंबऱ्यात उथळ खाच, वरच्या तुळईत खोल खाच. दार वर घालून खाली सोडले की बसले. खिळा नाही, बिजागरी नाही. परंतु या दारांची मला सर्वांत मोठी वाटणारी करामत निराळीच आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, ओसाका शहरात भाड्याची घरे 'नागवी' देण्याची चाल होती. घरमालक फक्त सांगाडा देई. जमिनीवरच्या ततामीच्या चटया आणि सरकती दारे भाडेकरूने आपली आपण आणावयाची, आणि घर सोडताना बरोबर घेऊन जावयाची! आमच्या आजोळची झडप शेजारच्या घरालासुद्धा बसली नसती. आणि इथे एका गल्लीतली दारे हातगाडीवर घालून दुसऱ्या गल्लीतल्या घरात न्यावीत आणि ती तिथे बिनतक्रार सरकावीत. हे कसे साधले? सारी घरे ततामीच्या ठराविक मापात बांधली जात म्हणून. दाराने घराच्या कलाने घ्यावयाचे, हा आपला धडा; तिथे घरांनीच आपापसांत एक माप पत्करले होते.

सुटे करून नेता येणाऱ्या सामानाची गोष्ट युरोपातही जुनी आहे. जर्मन आणि डच लोकांची ती प्रचंड, कोरीव लाकडी कपाटे जिन्यावरून चढत नसत. म्हणून ती लाकडी पाचरींवर जोडलेली असत आणि पाचरी उपटल्या की फळ्या मोकळ्या होत. आपल्याकडे बाजेचे खूर आणि दांड्या सुट्या होतच असत. कंपनी सरकारचे गोरे अधिकारी पलटणीबरोबर कूच करताना घडीच्या खुर्च्या आणि दोन भागांत सुटणारे पितळी कोपऱ्यांचे पेटारे घेऊन हिंडत. पण हे सारे पुन्हा जोडणारा माणूस जाणता असावा लागे, किंवा बरोबर जाणता नोकर तरी असावा लागे.

ही अट ज्याने काढून टाकली, तो मिखाएल थोनेट. १७९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावी जन्मलेला हा सुतार पुढे व्हिएन्नाला गेला. बीचचे लाकूड वाफेवर मऊ करून वेताप्रमाणे वाकविण्याची विद्या त्याने साधली, आणि १८५९ मध्ये त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारात आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट; संपली खुर्ची. अशा छत्तीस सुट्या खुर्च्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच खोक्यात मावत. जोडलेल्या खुर्च्या पाठवणे म्हणजे मुख्यतः हवा पाठविणे, आणि आगबोटीवाले हवेचेही भाडे घेतात, हे थोनेटला कळले होते. खोके दूर देशी पोहोचले की तिथला हमालसुद्धा खुर्ची पिळून उभी करी. मुंबईच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती ज्या गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या काळसर खुर्च्या असत, आणि अजून काही ठिकाणी आहेत, त्या याच कुळीतल्या. त्यांच्यावर बसून ब्रूनमस्का खाताना आपण सुट्या भागांच्या युगाच्या मांडीवर बसलो आहोत, असे मला कधी वाटले नव्हते.

कोणताही स्क्रू कोणत्याही जागी बसावा, ही गोष्ट आता आपण गृहीत धरतो. परंतु इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचे ठराविक प्रमाण सुचविले ते १८४१ मध्ये. त्यापूर्वी एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्या कारखान्याच्या नटाशी सोयरीक करीत नसे. आणि सुट्या सामानाच्या खोक्यातून हमखास निघणारी ती वाकडी षट्कोनी किल्ली, जिला आपले कारागीर 'एलन की' म्हणतात, ती अमेरिकेतल्या कनेक्टिकट प्रांतातील हार्टफर्डच्या विल्यम एलनच्या नावाची. त्याचे पेटंट १९१० चे. त्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. त्या काळी कारखान्यांतल्या फिरत्या दांड्यांवर चौकोनी डोक्याचे स्क्रू बाहेर आलेले असत. कामगाराची बाही त्यात अडके आणि दांडा त्याला ओढून घेई. स्क्रूचे डोके आत दडवावे आणि ते फिरविण्यासाठी त्यात षट्कोनी खळगा ठेवावा, या विचाराचा पुरस्कार झाला तो माणसांचे हात वाचावेत म्हणून. आज ती किल्ली फिरवता फिरवता आपले मनगट दुखते, तेव्हा तिला शिव्या देण्यापूर्वी हे आठवावे.

लाकडाचीही कथा अशीच वळणावळणाची. सागाची फळी ही जिवंत वस्तू. पावसाळ्यात फुगते, वैशाखात आकसते. जाणता सुतार दाराला हंगामाची सूट ठेवी. कारखान्याला अशी लहरी वस्तू परवडत नाही. १९४० च्या सुमारास जर्मनीत युद्धकाळच्या लाकूडटंचाईत लाकडाचा चुरा आणि कपच्या कृत्रिम राळेत कालवून, दाबून फळ्या करण्याचा उद्योग सुरू झाला. त्या फळीला रेषा नाहीत, म्हणून ती सर्व दिशांनी सारखी वागते. तिच्यावर पातळ थर चढवला की झाली तुळतुळीत. (तशा थराला आपण एका व्यापारी नावावरून सरसकट 'सनमायका' म्हणतो.) तिचा एकच वैरी, पाणी. कडेतून एकदा पाणी शिरले की ती शिळ्या पावासारखी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. कोकणात घर असणाऱ्यांनी ही फळी घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे माझे मत आहे.

मग त्या फळीवर भोके आली. महायुद्धानंतर जर्मन कारखान्यांनी कपाटाच्या बाजूच्या फळीवर उभ्या रांगेत पाच मिलिमीटरची भोके, एकेकापासून बत्तीस मिलिमीटर अंतरावर, पाडण्याची पद्धत रूढ केली. बत्तीसच का? एकाच वेळी रांगेने भोके पाडणाऱ्या यंत्रातली दातेरी चाके त्याहून जवळ बसविणे जड जाई, म्हणून. ओसाकात चटईने घराला माप दिले, इथे यंत्राच्या चाकांनी दिले. बिजागरी, खण, कप्पा, जे काही बसवावयाचे ते या भोकांच्या हिशेबाने बसू लागले.

आता उरला स्वीडन. इंग्वार काम्प्राड नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने १९४३ मध्ये टपालाने वस्तू विकण्याचा धंदा काढला. स्वतःच्या नावाची दोन, शेताच्या नावाचे एक आणि गावाच्या नावाचे एक अशी आद्याक्षरे जोडून त्याने त्याला 'इकिया' हे नाव दिले. १९४८ पासून तो लाकडी सामान विकू लागला, १९५३ मध्ये आल्महुल्ट गावी त्याने सामान मांडून दाखविण्याची जागा उघडली. १९५६ च्या सुमाराची गोष्ट अशी सांगतात, की गिलिस लुंडग्रेन हा त्याचा आरेखक एक टेबल मोटारीत घालू पाहत होता. ते काही केल्या आत जाईना. तेव्हा त्याने त्याचे पाय काढले आणि ते टेबलाखालीच बांधले. थोनेटने सत्त्याण्णव वर्षांपूर्वी जे केले होते तेच हे. पण थोनेटच्या खुर्च्या जोडणारा निदान दुकानदाराचा माणूस असे. इथून पुढे जोडणारा तो घेणाराच. ती कंपनी हिंदुस्थानात आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादेस, आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईस. आपल्याकडे स्क्रू फिरविण्यापेक्षा स्क्रू फिरविणारा माणूस बोलावणे लोकांस अधिक पसंत पडते, ही गोष्ट निराळी.

यात झाले काय, ते नीट पाहिले पाहिजे. जुन्या सुताराच्या अंगी तीन कामे एकवटलेली होती. माप घेणे, श्रम करणे आणि घर जिथे मापाला दगा देईल तिथे तो बोटभर फरक सावरून घेणे. माप कारखान्याने उचलले, आणि खरे सांगावयाचे तर सुतारापेक्षा चोख उचलले. श्रमांचा शेवटचा हप्ता गिऱ्हाइकाच्या किंवा जोडणाऱ्या पोराच्या गळ्यात पडला. तो बोटभर फरक मात्र कोणाच्याच खाती जमा झाला नाही.

साध्या, बिजागरीच्या दारांना हे खपते. आपल्याकडे कपाट म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते पोलादी गोदरेजचे. १८९७ मध्ये लालबागेत कुलपांपासून सुरुवात केलेल्या या कारखान्याने १९२३ मध्ये पोलादी कपाटे काढली, आणि मुलीच्या रुखवताबरोबर ती पुढे गावोगाव गेली. त्याच्या खाली एका कोपऱ्यात पोस्टकार्डाची घडी सरकवली की दार मुकाट्याने लागे. आजच्या बिजागऱ्यांना तर वर-खाली, डावी-उजवीकडे, आत-बाहेर असे स्क्रूने हलविता येते. खोके थोडे तिरके असले तरी दारे सरळ दिसतात. पण बिजागरीचे दार उघडताना पुढची जागा मागते. बी. डी. डी. चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत ज्यांनी संसार केले त्यांना विचारा: कपाट उघडावयाचे तर आधी खाट सरकवावी लागे, आणि खाट सरकवावयाची तर तिच्यावरच्या आजोबांना उठवावे लागे. सरकत्या दाराला पुढे इंचभरही जागा लागत नाही. त्याची किंमत ते दुसऱ्या रीतीने वसूल करते. दोन कपाटांवर दोन सरकती दारे असली की एका वेळी एकच कपाट उघडे राहते. नवऱ्याला सदरा हवा असेल तर बायकोच्या साड्या बंद होतात. दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नानानंतर, हा प्रश्न किती गंभीर होतो ते मी सांगावयास नको.

माझ्या पुतणीच्या पुण्यातल्या घरी गेल्या वर्षी असे जोडकपाट आले. प्रत्येक खोके शंभर सेंटिमीटर रुंद, दोनशे छत्तीस उंच, अठ्ठावन्न खोल. जोडावयास आलेला पोरगा पंचविशीच्या आतला, सोबत त्याचा एक मदतनीस. त्याने प्रथम खोलीच्या छताकडे पाहिले. खाली उतरविलेले प्लास्टरचे छत दोनशे चाळीस सेंटिमीटरवर होते.

"ताई, आडवं जोडून उभं करता येणार नाही. उभंच जोडावं लागेल."

"अरे, छत्तीसचं कपाट आणि चाळीसचं छत. चार सेंटिमीटर तर उरतात," पुतणी म्हणाली.

त्याने बोटाने हवेत तिरकी रेघ ओढली. मी कागदावर मांडून पाहिले. आडवे कपाट उभे करताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. दोनशे छत्तीस आणि अठ्ठावन्न यांचा कर्ण येतो दोनशे त्रेचाळीस. शुल्बसूत्रकाराने त्या पोराच्या पाठीवर थाप मारली असती.

त्यानंतर सबंध सकाळभर मी खुर्ची टाकून पाहत होतो. पाठीची पातळ फळी ठोकण्यापूर्वी त्याने टेप कर्णावर धरला, आधी एका, मग दुसऱ्या. तीन मिलिमीटरचा फरक. खोक्याला खांद्याने हलका रेटा दिला, पुन्हा मोजले, आणि मगच खिळे मारले. पाठीची ती क्षुल्लक दिसणारी फळीच सबंध खोके काटकोनात धरून ठेवते. दुसरे कपाट उभे राहिले, तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. त्याने फोनवरच्या पाणसळीकडे पाहिले, मग तिच्यावर विश्वास न ठेवता पिशवीतून खरी, बुडबुड्याची पाणसळ काढली. दोन मीटरांत जमीन नऊ मिलिमीटर उतरत होती. बांधणाऱ्याने झोपण्याच्या खोलीला मोरीसारखा ढाळ का दिला असेल, ते तोच जाणे.

इथे सरकते दार आपले खरे रूप दाखविते. दाराचा सगळा भार वरच्या रुळावर असतो. खाली असतो तो फक्त वाटाड्या. रूळ एकसंध, दोन मीटर लांब, आणि तो दोन निरनिराळ्या खोक्यांच्या माथ्यावर बसावयाचा. एक खोके दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर जरी उंच राहिले, तरी रूळ त्या सांध्यावर वाकतो आणि चाक तिथून जाताना जन्मभर 'टक्' असा आवाज करते. दोघांच्या दर्शनी कडा एका रेषेत नसल्या तर दार अर्ध्यावर घासते. आणि सबंध जोडच उतारावर असेल तर दार आपल्या मर्जीने खालच्या अंगाला चालू लागते. मध्यरात्री घरातली म्हातारी माणसे रामरक्षा म्हणावयास लागतात. बिजागरीचे दार दोन खोक्यांचे भांडण झाकून नेते. सरकते दार त्या दोघांना एक झाल्याखेरीज चालूच देत नाही.

पोराने उताराच्या अंगाला प्लास्टिकच्या पातळ चकत्या सरकवल्या, एक, दोन, तीन. बुडबुडा मध्ये आला. दोन्ही खोक्यांच्या कडा शिकंज्यात आवळल्या, अंगठा सांध्यावरून फिरवला, डोळे मिटून. मग जोडस्क्रू, मग रूळ, मग मागचे दार आधी आणि पुढचे नंतर. चाकावरचा स्क्रू पाव फेरा फिरवून दाराची कड खोक्याच्या कडेशी समांतर केली. आजोळच्या फडताळात भिंतीच्या कलाने दार झुकले होते. इथे दार झुकत नाही, खोके झुकत नाही. तेव्हा तेवढ्या सहा-साडेसहा फुटांपुरती जमीनच सरळ करावी लागली. तो बोटभर फरक कारखान्याच्या कोणत्याही खोक्यात पाठवलेला नव्हता. तो या पोराच्या अंगठ्यात होता.

"हे कुठे शिकलास?" मी विचारले.

"असंच, काका. वडील सुतारकामच करायचे. त्यांचा रंधा घरी आहे. मला नाही येत चालवायला."

"आणि अंगठा फिरवायला?"

तो हसला. "ते बघून बघून आलं."

मला यात हळहळ वाटली आणि बरेही वाटले, दोन्ही खरे. रंधा गेला, पटाशी गेली, आणि त्या मुलाच्या हातचे एकही फडताळ शंभर वर्षांनी कोणी आजोळच्या आठवणीत सांगणार नाही. पण त्याला मिळणारी मजुरी खोक्यांवर ठरते, अंगठ्यावर ठरत नाही, हे मला खटकले. जे काम छापील चित्रांत दाखवलेले नसते, त्याचा पैसाही कोणी मोजत नाही.

एक काम शेवटी राहिले होते, आणि माझ्या मते साऱ्यांत महत्त्वाचे तेच. कपाट भिंतीला बांधणे. पुतणी म्हणाली, एवढे वजनदार कपाट कुठे पडणार आहे, नव्या रंगाला भोक कशाला. पोरगा काही बोलला नाही, पण ड्रिल खाली ठेवीना. मी मध्ये पडलो. जून २०१६ मध्ये अमेरिकेत इकियाने भिंतीला न बांधल्यास उलटू शकणारी सुमारे दोन कोटी नव्वद लाख खणांची कपाटे परत बोलावली. ती अंगावर कोसळून लहान मुले दगावली होती. लहान मूल खण उघडते, त्याचाच जिना करते आणि वर चढते. तिथल्या आईबापांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अशा कपाटांच्या स्थैर्यासाठी कायदा झाला. आजोळचे फडताळ भिंतीतच होते, त्याला पडण्याची सोय नव्हती. कपाट भिंतीतून बाहेर आले, सुटे झाले, हलके झाले, स्वस्त झाले. तेव्हा त्याला पुन्हा भिंतीशी बांधून घेणे आलेच. पुतणीचा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि टेबलावर चढतो.

भोक पडले. भिंत विटांची निघाली नाही. हल्लीच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची निघाली. खोक्यातून आलेला स्क्रू तिच्यात पिठात बोट घालावे तसा गेला आणि तसाच बाहेर आला. पोराने आपल्या पिशवीतून तसल्या भिंतीसाठी असतो तो निराळा, लांब आणि फुगणारा प्लग काढला, आणि दोन ठिकाणी चार स्क्रू आवळून कपाटाला दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून पाहिले. ते हलले नाही. प्लगचे पैसे त्याने निराळे मागितले नाहीत. पुतणीने ते दिले.

त्या दिवशी उरलेली एलन की पुतणीने स्वयंपाकघराच्या खणात टाकली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत त्या खणातून तशा पाच निघाल्या.